आपदा मित्र म्हणजे काय? शिरूर आणि दौंडला अशा प्रशिक्षित गावकऱ्यांची गरज का आहे?

पूर आला, दरड कोसळली किंवा कारखान्याला आग लागली की बातम्यांमध्ये एनडीआरएफचे नाव हमखास येते. नारिंगी गणवेशातले जवान, रबरी बोटी, वासावरून माणूस शोधणारी कुत्री असे ते चित्र असते. पुणे जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे, कारण एनडीआरएफची पाचवी बटालियन मावळ तालुक्यात सुदुंबरे इथे आहे. पण सुदुंबऱ्याहून दौंड तालुक्यातले नदीकाठचे गाव शंभरेक किलोमीटरवर असते आणि मध्ये पुण्याची वाहतूक असते. ओढ्यात वाहून चाललेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला एका एसटी चालकामुळे कळले. पाऊस आणि चिखल यातून मोठी यंत्रे तिथे पोचायला कित्येक तास लागले. तोवर जे काही झाले ते आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांनी केले. जगभरात भूकंप-पुराच्या वेळी असेच घडते, पहिला हात शेजाऱ्याचाच लागतो. मग या शेजाऱ्याला आधीच शिकवून का ठेवू नये, या साध्या प्रश्नातून ‘आपदा मित्र’ ही योजना निघाली.

योजना काय आहे?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ती प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. २५ राज्यांतले पुराचा धोका असलेले ३० जिल्हे निवडले आणि प्रत्येक जिल्ह्यात २०० याप्रमाणे ६,००० स्वयंसेवक तयार करायचे ठरले. २०२१ पासून तिचा विस्तार झाला. पूर, दरड, चक्रीवादळ आणि भूकंप यांचा धोका असलेल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक, असे उद्दिष्ट ठेवले गेले. पुढे एनसीसी, एनएसएस, स्काउट-गाइड आणि नेहरू युवा केंद्राच्या मुलामुलींसाठी ‘युवा आपदा मित्र’ हा वेगळा कार्यक्रमही आला.

स्वयंसेवक साधारण १८ ते ४० वयाचा, धडधाकट आणि त्याच भागात राहणारा हवा. शिक्षणाची अट फार मोठी नाही, सातवी पास पुरते. प्रशिक्षण १२ दिवसांचे असते. त्यात प्रथमोपचार, पाण्यातून आणि ढिगाऱ्याखालून माणूस काढणे, दोराच्या गाठी, आग विझवणे, गर्दी हाताळणे असे विषय असतात. शेवटी ओळखपत्र, विमा आणि एक संच मिळतो. लाइफ जॅकेट, हेल्मेट, गमबूट, हातमोजे, बॅटरी, शिट्टी, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी असा तो असतो. पगार नाही. हा माणूस सरकारी नोकर नसतो, हे लक्षात ठेवायला हवे.

जिल्ह्यात हे सगळे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे येते. त्याला आधार २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा. तालुक्यात तहसीलदार, गावात तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील अशी ही साखळी आहे.

आता थोडा हिशेब करू. एक लाख स्वयंसेवक ३५० जिल्ह्यांत वाटले तर सरासरीने जिल्ह्याला तीनशेसुद्धा येत नाहीत. पुणे जिल्ह्यात तेराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. म्हणजे चार-पाच गावांमागे एक माणूस. त्याने बाकीच्यांना शिकवले तरच या आकड्याला काही अर्थ आहे.

भीमा, घोड आणि काठावरच्या मोटारी

शिरूर आणि दौंड हे तालुके तसे कमी पावसाचे. शिरूरच्या काही भागात उन्हाळ्यात टँकर लागतात. तरीही इथे पूर येतो, कारण पाणी वरून येते. खडकवासल्यातून सोडलेले पाणी मुठेतून पुण्यात, मुळा-मुठेतून पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत. चासकमानचे पाणी थेट भीमेत, डिंभ्याचे घोडेत. घोडेवर शिरूर तालुक्यातच चिंचणीचे धरण आहे. हे सगळे एकत्र होऊन उजनीकडे जाते. म्हणून पावसाळ्यात बंडगार्डन आणि दौंड या दोन ठिकाणचा विसर्ग किती क्युसेक, हे सोलापूरकरही रोज पाहतात. दौंडला आभाळ निरभ्र असताना नदी वाढू शकते, ती अशी.

अशा पुराची एक सोय असते. तो सांगून येतो. धरणातून पाणी सोडल्यावर ते खाली पोचायला काही तास लागतात आणि तेवढ्यात बरेच करता येते. पाटबंधारे खात्याच्या इशाऱ्यात एक वाक्य ठरलेले असते, ‘नदीकाठच्या मोटारी व साहित्य काढून घ्यावे’. खरा धोका इथे सुरू होतो. पंधरा-वीस हजारांची मोटार वाचवायला शेतकरी अंधारात, चिखलात, कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. वायर चालू असते. शॉक बसतो किंवा पाय घसरतो. आपदा मित्राचे पहिले काम इथे पोहण्याचे नाही. डीपीवरून वीज बंद करून घेणे, दोघे-तिघे मिळूनच खाली उतरणे, वर एकाने दोर धरून उभे राहणे, आणि पाणी ठरावीक खुणेच्या वर गेले की मोटार सोडून द्यायची हे आधीच ठरवणे, हे ते काम. काठावर राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या आणि वीटभट्ट्यांवरची कुटुंबे व्हॉट्सअॅपच्या गावगटात नसतात. त्यांच्याकडे कोणीतरी चालतच जावे लागते.

ओढ्याचे पाणी मात्र सांगून येत नाही. १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री अतिवृष्टी झाली, तेव्हा दौंड तालुक्यात खानोट्याजवळ दुचाकीवरून जाणारे चौघे ओढ्यात वाहून गेले. रोजचा रस्ता, रोजचा पूल, ‘एवढ्याशा पाण्याला काय होतंय’ असा अंदाज. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले तरी पाय उचलते आणि दुचाकीला त्याहून कमी पुरते. पुलाच्या दोन्ही बाजूंना दोर किंवा बैलगाडी आडवी लावून रस्ता बंद करणारा माणूस इथे बोटीपेक्षा जास्त जीव वाचवतो.

हौसेने केलेली सुटका

‘आमच्याकडे पट्टीचे पोहणारे आहेत,’ असे प्रत्येक नदीकाठचे गाव सांगते आणि ते खरेही असते. भोई समाजातल्या माणसांना डोह जेवढा कळतो तेवढा कोणत्याही पुस्तकाला कळत नाही. पण पोहता येणे वेगळे आणि बुडणाऱ्याला काढणे वेगळे. बुडणारा माणूस मिळेल त्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. म्हणून प्रशिक्षणात क्रम शिकवतात. आधी काठावरून काठी, साडी, पाइप पुढे करा. नाही पोचली तर तरंगणारी वस्तू फेका. टायरची ट्यूब चालते, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन चालतो. तेही शक्य नसेल तर बोट. स्वतः पाण्यात उडी हा शेवटचा पर्याय, तोही कमरेला दोर बांधून.

बोटीचेही तसेच. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. हेतू चांगलाच होता. बोटीत किती बसवायचे हे ठरवणारा आणि ‘आता बस’ असे खंबीरपणे सांगणारा कोणी असता तर गोष्ट वेगळी झाली असती. प्रशिक्षण घेतले की सगळे सुरक्षित, असेही नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगाव इथे प्रवरा नदीत शोध घेताना एसडीआरएफची बोट उलटली आणि तीन जवान गेले.

बाहेर काढलेल्या माणसाचे काय करायचे, याबाबत गावोगाव जुन्या समजुती घट्ट आहेत. पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, खांद्यावर टाकून पळणे. यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न फुप्फुसात जाते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यावेत. ३० दाब, २ श्वास. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करावे लागते.

बिबट्या ही आपत्ती आहे का?

योजनेच्या मूळ यादीत बिबट्या नाही. शिरूरमध्ये मात्र लोक आधी त्याचेच नाव घेतील. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबुत भागात काही आठवड्यांत तिघांचा बळी गेला, त्यात दोन मुले होती. संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला.

बिबट्या पकडणे हे गावकऱ्याचे काम नाही, ते वनखात्याचे. गावातल्या प्रशिक्षित माणसाचे काम गर्दी मागे ठेवण्याचे आहे आणि ते बिबट्याएवढेच अवघड असते. उसात बिबट्या दिसला की शंभर जण मोबाइल घेऊन धावतात, त्याची पळायची वाट बंद होते आणि तो अंगावर येतो. बाकीची कामे आधीची आहेत. मुलांनी शाळेत गटाने जावे, वाकून गवत कापताना एकाने उभे राहून लक्ष ठेवावे, घरामागे उजेड असावा. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. रात्री थ्री फेज वीज आल्यावर पाणी धरायला जावेच लागते, हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रशिक्षणाने सुटणारा नाही. दिवसा वीज द्या, ही मागणी म्हणूनच जुनी आहे.

इशारा पोचवायला या भागात ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ वापरतात. एका टोल-फ्री क्रमांकावर बोललेला निरोप नोंदवलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर त्याच आवाजात जातो. साधा फोनही चालतो. चोर, बिबट्या, पूर, सगळ्याला उपयोगी.

कुरकुंभ, रांजणगाव आणि दोन महामार्ग

दौंडच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका कारखान्याला रात्री मोठी आग लागली आणि आसपासच्या लोकांनी घरे सोडली. वायुगळतीत धावायची दिशा कळणे हाच अर्धा बचाव असतो. वाऱ्याच्या पुढे पळू नये, वाऱ्याला आडवे जावे. क्लोरीनसारखा जड वायू सखल भागात साचतो, म्हणून नाल्यात किंवा तळघरात लपू नये. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनुसार अशा वसाहतींसाठी स्थानिक गट असायला हवा आणि रंगीत तालमीही व्हायला हव्यात. कुंपणाबाहेरच्या गावाला या तालमीत किती वेळा बोलावले, हे ग्रामसभेत विचारण्यासारखे आहे.

शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर आणि दौंडमधून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. इथे आपदा मित्राचे शिक्षण सर्वाधिक वेळा कामी येते ते अपघातात. मान धरून जखमीला सरळ कसे ठेवायचे, रक्त कसे थांबवायचे. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या फेऱ्यांची भीती वाटते, पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

शिकून झाल्यावर

योजनेचा कच्चा दुवा बारा दिवसांनंतर दिसतो. तरुण मुलगा प्रशिक्षण घेतो आणि वर्षभरात चाकणला किंवा पुण्याला नोकरीला जातो. यादीत त्याचे नाव राहते, गावात तो नसतो. संच कपाटात आणि कपाटाची किल्ली भलत्याकडे. म्हणून दिवसभर गावात असणाऱ्यांना शिकवणे जास्त शहाणपणाचे आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, दूध संकलन केंद्रावरचा माणूस, किराणा दुकानदार. गावात कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आजी आहे आणि कोणाची सून दिवस भरत आलेली आहे, हे त्यांना विचारावे लागत नाही.

ज्यांना नाव नोंदवायचे आहे त्यांनी तहसील कार्यालयात किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, पोलीस-अग्निशमनासह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२. प्रशिक्षणाची तुकडी निघायची वाट न पाहता गावाला एक गोष्ट मे महिन्यातच करता येते. नदीकाठच्या मोटारींची, पोहणाऱ्यांची, ट्रॅक्टर आणि जाड दोर असलेल्यांची यादी फोन क्रमांकांसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावणे, आणि दर पावसाळ्याआधी त्यातला प्रत्येक क्रमांक एकदा फिरवून पाहणे.