टॅरो वाचनातील नीती

टॅरो पत्ते पाहून सल्ला देणाऱ्याने पाळावयाचे संकेत आणि त्यामागील आध्यात्मिक हेतूची कल्पना. ७८ पत्त्यांचा हा संच पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाला. १७८१ मध्ये कूर द जेबलॅं या फ्रेंच विद्वानाने त्याचे मूळ प्राचीन ईजिप्तमध्ये असल्याचे पुराव्याविना मांडले, आणि पत्त्यांना गूढविद्येचे वलय लाभले. लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या संचाची चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. तो योजणारे ए. ई. वेट हे भविष्यकथनाला दुय्यम लेखत; पत्ते ही आत्मिक उन्नतीची प्रतीके, अशी त्यांची धारणा होती. गंमत अशी, की भविष्य पाहणाऱ्यांमध्ये हाच संच सर्वाधिक रुळला.

टॅरो वाचकांनी सर्वसाधारणपणे मानलेले संकेत असे : पृच्छकाची गुप्तता राखणे, गैरहजर व्यक्तीच्या खाजगी आयुष्यात न डोकावणे, आजार वा कोर्टकज्जात डॉक्टर-वकिलाची जागा न घेणे. तेराव्या, ‘मृत्यू’ या पत्त्याचा अर्थ बहुधा स्थित्यंतर असा लावतात. त्यावरून मरणाचे भाकीत करणे गैर समजले जाते. खरी कसोटी मात्र पैशाची. घाबरलेला माणूस पुन्हापुन्हा येतो, आणि त्याला परावृत्त करण्यात वाचकाचेच नुकसान असते. ब्रिटनमध्ये १९५१ चा, मृतात्म्यांशी संवादाचा दावा करणाऱ्या ढोंगी माध्यमांविरुद्धचा कायदा २००८ मध्ये रद्द होऊन हा व्यवसाय ग्राहकसंरक्षणाच्या नियमांखाली आला. पत्त्यांतून भविष्य कळते याला शास्त्रीय आधार नाही.