छावणी, पेठ आणि तांडा : जालना परिसरातील स्थलांतरित समूह

औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला असला, तरी त्याची समाजरचना घडवणारी स्थलांतरे पुष्कळ जुनी आहेत. त्यांचा विचार करताना कोण कोणत्या धर्माचा वा भाषेचा, यापेक्षा कोणाला कोणत्या कामासाठी येथे यावे लागले, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. कारण नवागतांचे स्थानिक कुणब्याशी असलेले नाते सहसा थेट जुळलेले नसून सैन्य, कर्ज किंवा सरकार यांच्या मध्यस्थीने जुळलेले होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण बंजाऱ्यांचे आहे. राजस्थानाशी मूळ सांगणारा आणि गोरबोली बोलणारा हा समाज मुघल फौजांबरोबर दख्खनमध्ये पसरला तो 'लदेणी'मुळे, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ वाहून नेण्याच्या व्यवसायामुळे. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीची लढाई झाली, तेव्हा त्याच्या मोहिमेचा धान्यपुरवठा बऱ्याच अंशी याच बैलांवर अवलंबून होता. फौजांना हवा असलेला हा समाज गावगाड्याला मात्र बलुतेदारासारखा बांधलेला नव्हता, आणि म्हणूनच त्याला गावात हक्काचे वतन नव्हते. पक्क्या सडका झाल्या, पुढे १९०० साली मनमाडहून निघालेली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे जालन्यावरून धावू लागली, आणि लदेणी मोडली. तेव्हा आपला नायक, आपली बोली आणि आपले देव घेऊन तांडा, म्हणजे या समाजाची स्वतंत्र वस्ती, गावापासून अंतर राखून स्थिरावला. हे अंतर स्वभावाचे मानले जाते, पण ते मुख्यतः जमीन कोणाच्या नावावर आहे याचे अंतर आहे.

निजामाच्या हैदराबाद राज्यात असलेल्या जालना शहरात १८२७ मध्ये छावणी उभी राहिली. पुढे तेथे राहिलेले हैदराबाद कंटिंजंट हे निजामाच्या खर्चाने पोसलेले, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील सैन्य होते. १९०३ साली सैन्य हलवले गेले, पण छावणीच्या आश्रयाने वाढलेली वस्ती आणि व्यापार राहिला, आणि रेल्वेमुळे कापसाची पेठ मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांच्या हाती अधिकच भरभराटली. शेतकऱ्याला हे व्यापारी एकाच वेळी खरेदीदार आणि सावकार म्हणून भेटत. ब्रिटिश मुलखात, पुणे आणि नगर जिल्ह्यांत, १८७५ साली कुणब्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि चोपड्यांवर होता. तो केवळ परप्रांतीयांचा द्वेष म्हणून वाचणे हे वरवरचे वाचन होय. निजामी राज्यात वसुलीच्या साखळीत अरब आणि रोहिले हे भाडोत्री शिपाईही सावकारी करीत शिरले होते, आणि त्यांना आवर घालणे हे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीतील अवघड कामांपैकी एक ठरले.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन करणाऱ्या सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत भारतीय सैन्याने जालना घेतले. त्याआधी रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेची दहशत होती, आणि त्यानंतर मराठवाड्याच्या काही भागांत सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला, ज्याची नोंद करणारा सुंदरलाल समितीचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेने पूर्वीचे निजामी संस्थान तीन राज्यांत वाटले गेले आणि पुढे एकाच बंजारा समाजाची वेगवेगळ्या वर्गवाऱ्यांत विभागणी झाली : तेलंगणात तो अनुसूचित जमातींत मोडतो, महाराष्ट्रात विमुक्त जातींत.

आज स्थलांतराला दोन दिशा आहेत. जालन्यातील पोलाद कारखान्यांत उत्तर आणि पूर्व भारतातून मजूर येतात, तर जिल्ह्यातील तांड्यांवरून आणि कोरडवाहू गावांतून ऊसतोडीसाठी 'कोयता', म्हणजे बहुधा पती-पत्नीची जोडी, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो. कारखान्याशी या मजुरांचा थेट करार क्वचितच असतो; हिशोब होतो तो मुकादमाशी, आणि उचल फिटली नाही तर पुढील हंगामही त्याच्याच नावे लागतो.