डोक्यातल्या ठिपक्याची गोष्ट



फिट आलेल्या बाईभोवती जमलेला घोळका आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी हळूच म्हणतं, "बाहेरचं काहीतरी आहे." फेफरं, आकडी, मिरगी, अपस्मार अशी कितीतरी नावं या आजाराला आहेत. तो मेंदूचा आजार आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण मेंदूत कुठे काय झालंय, ते डोकं न उघडता पाहायचं कसं?

साध्या एक्स-रेत कवटीचं हाड दिसतं, आतला मेंदू दिसत नाही. म्हणून १९१९ पासून डॉक्टर पाठीच्या कण्यात सुई घालून हवा सोडत आणि मग डोक्याचा एक्स-रे काढत. त्यानं रुग्णाचं डोकं भयंकर दुखे, उलट्या होत. एवढं सोसूनही चित्र अंधुकच.

वाट काढली ती डॉक्टरनं नाही, एका इंजिनिअरनं. कुत्रा आणि कर्ण्याचं चित्र असलेल्या एच.एम.व्ही.च्या तबकड्या जुन्या बायकांना आठवत असतील. त्या तबकड्यांच्या ई.एम.आय. कंपनीत इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड काम करायचे. डोक्याभोवती सगळ्या बाजूंनी एक्स-रे फिरवायचे आणि कॉम्प्युटरनं हिशेब मांडून आतलं चित्र उभं करायचं, ही त्यांची युक्ती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. ती रुग्ण एक बाईच होती. तिच्या मेंदूतली गाठ चित्रात स्पष्ट दिसली. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढे ही यंत्रं आपल्या देशात आली, आणि एक कोडं उभं राहिलं. फिट येणाऱ्या अनेकांच्या, त्यातही लहान मुलांच्या आणि तरुणांच्या स्कॅनमध्ये बांगडीसारखा एक छोटा गोल ठिपका दिसू लागला. आपल्याकडे टीबी फार, म्हणून ही मेंदूतल्या टीबीची गाठ असावी असं पुष्कळ डॉक्टरांनी धरलं. महिनोन् महिने टीबीची औषधं चालू झाली. पुन्हा स्कॅन काढला की ठिपका गायब! श्रेय औषधाला मिळालं. पण टीबीचं औषध न घेतलेल्यांचेही ठिपके जात होते. मग हा होता तरी काय?

तमिळनाडूतल्या वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर या मेंदूच्या सर्जननी काही रुग्णांच्या डोक्यातला ठिपका शस्त्रक्रियेनं काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. बहुतेकांत टीबी नव्हताच. ते टेपवर्म नावाच्या फितीसारख्या जंताचं पिल्लू होतं. १९८९ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं.

मैत्रिणींनो, हा जंत डोक्यात जातो कसा, ते नीट ऐका. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं, तर जंत आतड्यात वाढतो. त्या माणसाच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात. उघड्यावरची घाण मातीत, पाण्यात, भाजीत मिसळते, आणि न धुतलेल्या हातांनी किंवा भाजीतून ती अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून पिल्लं रक्तावाटे मेंदूत पोचतात. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्या, माळकरी घरातल्या बाईलाही हा आजार होतो. पिल्लू मरू लागलं की भोवती सूज येते आणि फिट येते. पुढे बऱ्याचदा ठिपका आपोआप विरतो, कधी मागे खडा राहतो.

प्रत्येक फिट जंतामुळे येत नाही. मार, गाठ, बाळंतपणात बाळाला कमी पडलेला प्राणवायू अशी कारणं कितीतरी. आणि स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, म्हणजे बाई सोंग करते असंही नाही. अनेकांचा स्कॅन स्वच्छ असतो आणि आजार खरा असतो. ठिपका गेला तरी गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

आता शेवटचं. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, आणि वारंवार फिट येणाऱ्या माणसाचं लग्न त्या कारणावरून रद्द करून मागता येऊ लागलं. कायदा बाई-पुरुष दोघांना सारखा, पण माहेरी कोण परत येते हे आपल्याला सांगायला नको. डोक्यातल्या ठिपक्याचं मूळ कळलं १९८९ मध्ये. कायद्यातून फिटचा शब्द निघायला १९९९ साल उजाडलं. घराघरातून तो अजून निघायचाच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला फिट आली, तर चप्पल बाजूला ठेवा. तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, फिट थांबेपर्यंत जवळ बसा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट दवाखाना गाठा. थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. आणि गटाच्या बैठकीत तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवा.