भायखळ्याच्या तुरुंगातील टोचणी

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात खान नदीकाठी होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. याच शहराला विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगने पछाडले होते. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने शहराची पाहणी करून १९१८ साली दरबारास अहवाल सादर केला. त्याने दिवाळीच्या मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती फिरवून नागरिकांना घरे स्वच्छ करण्यास उद्युक्त केले. परंतु ज्याला आपली कोठडी सोडता येत नाही, आणि शेजारीही निवडता येत नाही, त्या बंदिवानाने काय करावे?

हा प्रश्न केवळ बंदिवानांचा नाही. १७५० साली लंडनच्या न्यायालयात कैद्यांबरोबर तुरुंगज्वर शिरला आणि लॉर्ड मेयर व दोन न्यायाधीश त्यास बळी पडले. रोगाला शिक्षा देणारा आणि भोगणारा हा भेद ठाऊक नसतो.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग उद्भवला, तेव्हा वाल्डेमर हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस सुमारे दीडशे कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. जवळजवळ तितक्यांनीच घेतली नाही. सर्वांचे अन्न, काम व निवास एकच होते. टोचणीपूर्वीच ज्यांच्या अंगी रोग भिनला होता ते वगळता, लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले व दोघेही वाचले. न घेतलेल्यांपैकी बारा जण आजारी पडून सहा दगावले.

या प्रयोगाने लसीवर लोकांचा विश्वास बसू लागला. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले, आणि ते योग्यच झाले. पण ज्यांनी हात पुढे केले त्या कैद्यांची इच्छा कितपत मोकळी होती? आत प्लेग आणि बाहेर पहारा, अशा स्थितीत मनुष्य निवड करतो ती पूर्ण स्वतंत्र म्हणता येत नाही. म्हणूनच त्यांचे ऋण अधिक आहे. न्यायालय मनुष्याचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ शकते; त्याच्या आरोग्याचा भार मात्र त्याच क्षणी समाजाच्या शिरावर येतो.