दुनळी बंदूक, पाणपक्षी-शिकारीची

दुनळी बंदूक, पाणपक्षी-शिकारीची : शेजारी शेजारी जोडलेल्या, आतून गुळगुळीत अशा दोन नळ्यांची, छर्ऱ्याचे काडतूस उडवणारी बंदूक. बदके व रानहंस यांच्यासाठी तिचा एक जड, लांब नळीचा प्रकार अमेरिकेत सुमारे १८७० ते १९४२ या काळात घडला. कनेटिकट राज्यातील मेरिडेन, न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज, फुल्टन व इथाका आणि पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया ही त्याची मुख्य केंद्रे. मूळ घडण युरोपीय. बाहेरचे घोडे आत दडवणारी सुटसुटीत रचना बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अँसन व डीली यांनी १८७५ मध्ये केली आणि पुढच्या बहुतेक दुनळ्यांवर तिची छाप आहे.

बोअर ही नळीच्या व्यासाची जुनी मोजणी. एक पौंड शिशातून, नळीत नेमक्या बसतील अशा जितक्या गोळ्या निघतात, तो तिचा आकडा. म्हणून आकडा लहान तशी नळी रुंद. १२ बोअरचा व्यास १८.५ मिमी., १० बोअरचा १९.७ मिमी., ८ बोअरचा २१.२ मिमी. तितर-लाव्याची बंदूक हलकी लागते, कारण ती दिवसभर हातात वागवायची असते. बदकाचा शिकारी एका जागी दबा धरून बसतो, पक्षी उंचावरून वेगाने जातो आणि त्याची पिसे दाट असतात. म्हणून छर्रा जाड, बार मोठा आणि धक्का पचवायला बंदुकीचे वजन भरपूर. चार किलोग्रॅमच्या पुढची बंदूक येथे नवलाची नाही.

नळी : बंदुकीची खरी पारख नळीत आहे, आणि संग्राहकांचा पैसा मात्र बहुधा कोरीवकामावर लागतो. एकोणिसाव्या शतकातील नळ्या बहुतांशी ‘दमास्कस’ असत. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून त्या दांड्याभोवती वेटोळ्याने गुंडाळत, तापवून घणाने एकजीव करत आणि मग आतून भोक साफ करत. आम्लाने उजळल्यावर पृष्ठभागावर नागमोडी नक्षी उमटे. अमेरिकन कारखाने अशा नळ्या मुख्यतः बेल्जियममधील लिएजहून आणत. ओतीव पोलाद स्वस्त व भरवशाचे झाले आणि काळ्या दारूऐवजी बिनधुराची दारू आली, तसा दमास्कस मागे पडला. दोन नळ्या सरळ समांतर जोडल्या तर दोन्ही बार एका जागी पडत नाहीत. त्यांना तोंडाकडे किंचित जवळ आणून, मध्ये पट्टी ठेवून डाक देतात, सुमारे ४० यार्डांवर (३७ मी.) दोन्ही बारांचा मध्य एक यावा लागतो. हे काम यंत्राने साधत नसे. कारागीर बार काढून पाहत, डाक सोडवून पुन्हा जोडत.

नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या अरुंदपणाला चोक म्हणतात. १२ बोअरमध्ये पूर्ण चोक म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा फरक, पण त्यानेच छर्ऱ्यांचा पसारा आवरला जातो. कसोटी ठरलेली आहे: ४० यार्डांवर ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखलेला कागद, पूर्ण चोकच्या नळीने त्यात ७० टक्के छर्रे पाडावेत. चोकच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. इंग्लंडमधील पेप यांचे पेटंट १८६६ चे. इलिनॉयचे बदक-शिकारी फ्रेड किंबल यांचे चाहते त्यांचे नाव पुढे करतात. इंग्रज बंदूककार ग्रीनर यांनी १८७४ नंतर चोकचा प्रसार केला. कागदोपत्री पेप आधीचे ठरतात.

कारखाने : पार्कर ब्रदर्स (मेरिडेन) यांची नोंद सर्वांत तपशीलवार उपलब्ध आहे. चार्ल्स पार्कर यांचा कारखाना कॉफी दळायची जाती व इतर लोखंडी सामान करी. अमेरिकन यादवी युद्धात त्याने सैन्यासाठी रायफली केल्या आणि युद्ध संपताच तो दुनळ्यांकडे वळला. एकूण सुमारे २,४२,००० बंदुका झाल्या. प्रतींची अक्षरे नळीच्या पोलादाशी व सजावटीशी निगडित होती: साधी ‘ट्रोजन’, मग ‘व्हीएच’, ‘जीएच’, ‘डीएच’ आणि पुढे ‘ए-१ स्पेशल’पर्यंत. ‘इन्व्हिन्सिबल’ या सर्वोच्च प्रतीच्या तीनच बंदुका झाल्याचे मानले जाते. १९३४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने पार्कर विकत घेतला, पुढे काम आपल्या इलियनच्या कारखान्यात हलवले आणि दुसऱ्या महायुद्धात ते थांबले. सिराक्यूजचे लायमन स्मिथ यांची ‘एल. सी. स्मिथ’ बाजूला खटके असलेली, फिरत्या कडीने बंद होणारी बंदूक. ती त्यांनी फुल्टनच्या हंटर बंधूंना विकली आणि स्वतः टंकलेखन यंत्रांकडे वळले. डॅन लेफीव्हर यांचे नाव आत दडलेल्या घोड्यांच्या सुरुवातीच्या अमेरिकन दुनळ्यांशी जोडलेले आहे. विंचेस्टरची ‘मॉडेल २१’ (१९३१) या मालिकेतील शेवटची महत्त्वाची.

फिलाडेल्फियाच्या ए. एच. फॉक्स कारखान्याला येथे वेगळी जागा द्यावी लागते. १९२० च्या दशकाच्या आरंभी सावकाश जळणारी नवी दारू आली आणि १२ बोअरमध्ये ३९ ग्रॅमपर्यंतचा बार शक्य झाला. त्यासाठी फॉक्सने १९२३ च्या सुमारास ‘सुपर फॉक्स’ काढली. तिच्या नळ्यांचे भोकच मुद्दाम रुंद ठेवलेले होते. सुमारे ३०० झाल्या. नळ्यांचे कारागीर बर्ट बेकर यांनी टेनेसीचे लेखक-शिकारी नॅश बकिंगहॅम यांच्यासाठी याच घडणीची बंदूक तयार केली. तिच्या घुमणाऱ्या आवाजावरून तिचे नाव ‘बो-हूप’ पडले. डिसेंबर १९४८ मध्ये आर्कन्सामध्ये शिकारीहून परतताना ती मोटारीवर राहून गेली आणि हरवली. अर्धशतकाहून अधिक काळाने सापडली व २०१० मध्ये लिलावात २,०१,२५० डॉलरला गेली. किंमत सोडली तरी बेकर यांच्या हातच्या नळीकामाचा हा महत्त्वाचा पुरावा आहे. इथाका येथील कारखान्याने १९३२ मध्ये साडेतीन इंची काडतुसाची १० बोअर काढली. बार ५७ ग्रॅम, बंदुका हजाराच्या आत.

दस्ता : अक्रोडाचा.

शिकार व निर्बंध : बाजारात विकण्यासाठी केलेल्या कत्तलीने अमेरिकेतील पाणपक्षी झपाट्याने घटले. लॅब्राडोर बदक १८७० च्या दशकात नामशेष झाले. त्याला केवळ बंदूक जबाबदार होती का, यावर मतभेद आहेत. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पक्ष्यांची राज्याबाहेर विक्री रोखली, १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने बाजारी शिकार संपवली, आणि नियमांनी १० बोअरहून मोठी बंदूक बाद केली. बदके खड्यांसोबत शिशाचे छर्रे गिळतात आणि पेषणीत ते झिजून त्यांना विषबाधा होते. म्हणून १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिसे देशभर बंद आहे. पर्यायी पोलादी छर्रा जुन्या मऊ नळीचा चोक बिघडवतो. त्यामुळे या बंदुका बहुतेक कपाटातच आहेत.

भारत व महाराष्ट्र : भारतात इंग्रजी दुनळ्यांचे वर्चस्व होते, विक्री कलकत्त्याच्या मँटन, रॉडा अशा पेढ्यांतून होई. अमेरिकन दुनळी येथे विरळा. पाणपक्ष्यांच्या शिकारीचा भारतातील सर्वांत कुप्रसिद्ध आकडा भरतपूरचा: नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरबराईत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो तेथील दगडावर कोरलेला आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) स्टुअर्ट बेकर यांचा भारतीय बदकांवरील ग्रंथ १९०८ मध्ये काढला. त्या पिढीचे, आणि तरुण सलीम अली यांचेही, पक्षिज्ञान बंदुकीने मिळवलेल्या नमुन्यांवर उभे राहिले.

महाराष्ट्रात हिवाळी बदकांची दाटी नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, उजनी अशा जलाशयांवर असते. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक येथे उतरतात, तर हळदीकुंकू बारमाही. जव्हारचा डोंगराळ मुलूख मात्र या बदकांच्या जलाशयांत मोडत नाही. जव्हार-मोखाड्यात, वावरसारख्या नागली-वरीच्या गावांच्या पट्ट्यात, वैतरणेवरचे मोठे जलाशय धरणांनंतरचे आहेत (मोडकसागर १९५७, मध्य वैतरणा २०१४). तेथील डोंगरी शेतकऱ्याच्या बंदुकीची जात दुनळीहून वेगळी, ठासणीची: तोंडाकडून दारू व छर्रे भरून गजाने ठोकायचे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक स्वतंत्र नमूद आहे.

भारतात १२ बोअर दुनळ्या ईशापूर (पश्चिम बंगाल) येथे व ‘शक्तिमान’ काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) तयार होतात. जुन्या नळीत काडतुसाचे घर बहुधा अडीच इंची (६५ मिमी.) असते, त्यात आजचे ७० मिमी. काडतूस बसते, पण तोंड उलगडायला जागा न मिळून दाब धोकादायक वाढतो. दमास्कस नळीतून आधुनिक काडतूस कधीच उडवू नये.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) १९९१ मधील दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले आणि बदके मारणे गुन्हा ठरले. शस्त्र कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेली दुनळीही त्याच हिशेबात धरली जाते.