आधी अँटिबॉडी, मग प्रथिन

प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक अँटिबॉडींचा जन्म ठरवून झालेला असतो. प्रथिन आधी माहीत असतं. त्याचा एखादा तुकडा सशाला किंवा उंदराला टोचायचा, काही आठवडे थांबायचं आणि त्या प्राण्याच्या शरीराने घडवलेली अँटिबॉडी हाताशी घ्यायची. तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत ज्याच्यावाचून चालत नाही, त्या 'कू' प्रथिनाच्या बाबतीत मात्र हा क्रम नेमका उलटा होता. त्याची अँटिबॉडी कुणी घडवली नव्हती. ती आजारी माणसांच्या रक्तात आधीच फिरत होती. प्रथिनाची ओळख तिच्यामुळे पटली, आणि ते पेशीत काय करतं हे कळायला त्यानंतर आणखी काही वर्षं गेली.

टोकियोच्या केइओ विद्यापीठातले त्सुनेयो मिमोरी आणि त्यांचे सहकारी संधिवाताच्या कुळातले आजार झालेल्या रुग्णांचं रक्त तपासत होते. या आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते, आणि पेशीकेंद्रकातल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. तपासण्याची रीत साधी होती. स्वीडनच्या ऑक्टरलोनी यांनी ती रूढ केली होती. अगारच्या पातळ थरात छोट्या विहिरी पाडायच्या. मधल्या विहिरीत पेशींचा अर्क घालायचा. या कामासाठी सहसा वासराची किंवा सशाची थायमस ग्रंथी वापरत. भोवतालच्या विहिरींत वेगवेगळ्या रुग्णांचं सीरम घालायचं. दोन्ही बाजूंचे रेणू जेलमधून हळूहळू पसरत जातात, आणि अँटिबॉडीला तिचं प्रथिन भेटतं तिथे एक पांढरी रेघ उमटते. शेजारच्या दोन सीरमच्या रेघा एकमेकींत मिसळल्या तर दोघांचं लक्ष्य एकच. एकमेकींना छेदून पुढे गेल्या तर लक्ष्यं वेगळी. ओळखीच्या एकाही रेघेत न मिसळणारी रेघ दिसली, की काहीतरी नवं सापडलं असं समजायचं.

अशी नवी रेघ त्यांना 330 जपानी रुग्णांपैकी 9 जणांच्या रक्तात दिसली. त्या 9 जणांपैकी 6 जणांना पॉलिमायोसायटिस आणि स्क्लेरोडर्मा हे दोन आजार एकत्र होते. एकात स्नायूंना सूज येते, दुसऱ्यात त्वचा घट्ट आणि कडक होत जाते. असे एकूण रुग्णच 11 होते, म्हणजे निम्म्याहून अधिक जणांत ही अँटिबॉडी निघाली. हे काम 1981 मध्ये छापून आलं. त्या काळी अशा अँटिबॉडीला ती ज्याच्या रक्तात सापडली त्या रुग्णाच्या नावातली एक-दोन अक्षरं देत असत. 'एसएम' आणि 'जो-1' ही नावंही तशीच पडली. 'कू' हीसुद्धा एका रुग्णाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. पेशीविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आज ही अक्षरं आहेत, आणि ज्याने रक्त दिलं त्या माणसाची तिथे एवढीच नोंद आहे. मला ही नोंद अपुरी वाटते, पण ती पुसली गेली नाही याचं समाधानही आहे.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. मिमोरी आणि जॉन हार्डिन यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं, की कू डीएनएला चिकटतं ते त्याच्या टोकांपाशी. त्या टोकावर कोणती अक्षरं आहेत याच्याशी कूला देणंघेणं नसतं. ज्याला टोकच नाही अशा वर्तुळाकार डीएनएकडे ते फिरकत नाही. 2001 मध्ये कूची स्फटिकरचना उलगडली तेव्हा याचं कारण डोळ्यांना दिसलं. कू70 आणि कू80 ही दोन प्रथिनं मिळून एक कडं बनवतात, आणि दोऱ्याच्या टोकातून मणी ओवावा तसं हे कडं तुटलेल्या डीएनएवर सरकतं. धड डीएनएमध्ये ते शिरणार कुठून? माणसाच्या एका पेशीत कूचे सुमारे 4 लाख रेणू असतात, त्यामुळे डीएनएचे दोन्ही धागे तुटले की तिथे सर्वांत आधी पोचणाऱ्यांत कू असतं.

रुग्णाचं सीरम हे साधन म्हणून भरवशाचं नसतं. त्यात आणखीही कितीतरी अँटिबॉडी असतात, आणि ते कधीतरी संपतं. केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये अँटिबॉडी बनवणारी उंदराची पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून एकाच जातीची अँटिबॉडी अखंड मिळवण्याची युक्ती काढली होती. त्या मार्गाने वेस्टली रीव्हज यांनी 1985 मध्ये कूविरुद्ध मोनोक्लोनल अँटिबॉडी तयार केल्या. त्यांच्यातली '162' खास गुणाची. कू70 आणि कू80 एकमेकांना बिलगलेली असतील तरच ती त्यांना ओळखते.

कू दुरुस्तीचं काम करतं, हे पक्कं झालं 1994 मध्ये. क्ष-किरणांपुढे लगेच मरणाऱ्या हॅमस्टरच्या काही पेशी 1983 पासून संशोधकांकडे होत्या. त्यांच्यात कू80 बिघडलेलं निघालं. त्याच पेशींना आणखी एक काम जमत नव्हतं, आणि या कुळकथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. अँटिबॉडीचं जनुक आपल्याला आयतं मिळत नाही. सुसुमु तोनेगावा यांनी दाखवल्याप्रमाणे अँटिबॉडी बनवणारी प्रत्येक बी पेशी आपल्या डीएनएचे तुकडे कापून नव्याने जोडते, म्हणून तर इतक्या तऱ्हेच्या अँटिबॉडी बनू शकतात. ते कापलेले तुकडे जोडायला कू लागतं. 1996 मध्ये कू80 काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यात परिपक्व बी पेशी बनल्याच नाहीत. म्हणजे टोकियोच्या त्या रुग्णांच्या शरीरात कूविरुद्ध जी अँटिबॉडी उठली, तिचं जनुकही कूनेच सांधलेलं होतं. रीव्हज यांच्या उंदरांतही तेच घडलं होतं.

आज कूविरुद्धची अँटिबॉडी विकत मिळते, पण ती विश्वासाने वापरायची तर आधी पारखून घ्यावी लागते. प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत, म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवर, 70 आणि 80 किलोडाल्टनच्या आसपास पट्टी दिसली म्हणून भागत नाही, कारण त्या वजनाची दुसरी प्रथिनंही पेशीत असतात. सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे जनुक काढून टाकायचं आणि पट्टी नाहीशी होते का ते पाहायचं. इथे कू अडवतं. माणसाच्या पेशीतून कू80 पूर्ण काढलं तर गुणसूत्रांची टोकं झडतात आणि पेशी मरते. मग जनुक शाबूत ठेवून प्रथिनाचं प्रमाण तेवढं घटवायचं आणि पट्टी फिकी पडते का ते बघायचं. किंवा बिघडलेल्या हॅमस्टर पेशींत माणसाचं कू80 घालून पट्टी उगवते का ते तपासायचं. उंदराच्या पेशींत तर कू माणसाच्या मानाने फारच कमी असतं, आणि मानवी कूवर बेतलेल्या कित्येक अँटिबॉडी ते ओळखतही नाहीत. ही पारख टाळून काढलेल्या निष्कर्षांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

रुग्णालयांत मात्र अजूनही रुग्णाच्या रक्तात अँटिबॉडी शोधण्याची मूळचीच दिशा चालू आहे. स्नायूंच्या सुजेचं कारण शोधताना रुग्णाचं सीरम एका चाचणीपट्टीवर सोडतात. तिच्यावर वेगवेगळी प्रथिनं ओळीने लावलेली असतात, आणि त्यांत एक रेघ कूची असते. ती उमटली तर डॉक्टर फुप्फुसांची तपासणीही सांगतात, कारण अशा रुग्णांपैकी काहींच्या फुप्फुसांनाही या आजाराची झळ पोचते.