मेंदू व मज्जातंतूंच्या विद्युत चाचण्या : यंत्रापेक्षा प्रशिक्षण महत्त्वाचे

मानवी मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू आणि स्नायू यांचे सारे व्यवहार अतिसूक्ष्म विद्युतलहरींच्या साहाय्याने चालतात. या लहरींची नोंद घेऊन आजाराचे स्थान व स्वरूप ठरविणाऱ्या वैद्यकशाखेला 'क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी' असे संबोधले जाते. एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये अवयवाची रचना दिसते. या चाचण्यांमधून तो अवयव काम कसा करतो, हे कळते. त्यामुळे एमआरआय सर्वस्वी निर्दोष असतानाही रुग्णाला आकडी येणे किंवा हातापायांतील शक्ती जाणे शक्य असते आणि अशा वेळी या चाचण्यांनाच महत्त्व प्राप्त होते.

नागपूरचे स्थान

नागपुरात १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे 'मेडिकल', त्याच्याशी संलग्न सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, 'मेयो' या नावाने परिचित असलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मिहानमधील 'एम्स' ही प्रमुख सार्वजनिक शिक्षण रुग्णालये आहेत. 'एम्स'चे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणच्या सीमावर्ती भागांतील रुग्णही उपचारांसाठी नागपूर गाठतात.

या प्रदेशातील आजारांचे स्वरूपही वैशिष्ट्यपूर्ण आहे. मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन येथे ज्या कुष्ठरोग्यांसाठी कार्य उभारले, तो आजार मुळात मज्जातंतूंवर आघात करणारा आहे. पूर्व विदर्भातील लाखोळी डाळ दीर्घकाळ व अतिप्रमाणात खाल्ल्यास पाय ताठर होऊन चालणे अवघड होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. काही कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर दोन-चार दिवसांनी श्वसनाचे स्नायू दुर्बल होतात. मज्जातंतूला वारंवार उद्दीपन देऊन केलेल्या चाचणीने या धोक्याची कल्पना येऊ शकते.

चाचण्यांचे प्रकार

ईईजी : मेंदूच्या विद्युतलहरींचा हा आलेख होय. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या लहरी प्रथम नोंदविल्या आणि १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. डोक्यावर ठरावीक अंतरांवर सुमारे २१ इलेक्ट्रोड चिकटवून किमान २० ते ३० मिनिटे नोंद घेतली जाते. मधल्या काळात रुग्णाला सुमारे ३ मिनिटे दीर्घ श्वास घ्यावयास लावतात आणि डोळ्यांसमोर प्रकाशाची उघडझाप करतात. या चाचणीत शरीरात वीज सोडली जात नाही.

एनसीव्ही : त्वचेवरून मज्जातंतूला सौम्य विद्युत उद्दीपन देऊन संदेश किती वेगाने जातो, हे यात मोजतात. निरोगी प्रौढाच्या हातात हा वेग साधारणपणे सेकंदाला ५० मीटर व पायात ४० मीटर किंवा त्याहून अधिक असतो. मधुमेहामुळे होणारी मज्जातंतूंची हानी, मनगटात नस दबणे, गुइलाँ-बारे आजार व कुष्ठरोग यांत ही चाचणी उपयुक्त ठरते.

ईएमजी : स्नायूत बारीक सुई घालून त्यातील विद्युत हालचाल तपासतात. दुबळेपणाचे मूळ स्नायूत आहे की मज्जातंतूत, याचा उलगडा त्यातून होतो.

व्हीईपी व बेरा : डोळ्यांपासून मेंदूपर्यंतचा दृष्टिमार्ग व्हीईपीने, तर कानापासून मेंदूस्तंभापर्यंतचा श्रवणमार्ग बेराने तपासतात. ऐकू येते की नाही हे सांगू न शकणाऱ्या तान्ह्या बाळासाठी बेरा वरदान ठरली आहे.

चूक कोठे होते?

यंत्र केवळ रेषा काढते. त्यांचा अर्थ माणसाला लावावा लागतो. अपस्मार असलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्या जणांच्या पहिल्या साध्या ईईजीमध्ये दोष आढळत नाही. त्यामुळे 'ईईजी नॉर्मल, म्हणजे अपस्मार नाही' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. याउलट डोळ्यांची उघडझाप, घाम, सैल झालेला इलेक्ट्रोड किंवा झोपेतील स्वाभाविक लहरी यांनाच दोष समजण्याची चूकही होते. केवळ भोवळ आलेल्या व्यक्तीवर मग अपस्माराचा शिक्का बसतो, वर्षानुवर्षे औषधे घ्यावी लागतात आणि नोकरी व विवाहात अडथळे येतात. विवाहाला बाधा ठरणाऱ्या कारणांमधून अपस्मार १९९९ मधील दुरुस्तीने वगळण्यात आला. समाजमनातील भीती मात्र तेवढ्याने गेलेली नाही.

एनसीव्हीचेही असेच आहे. हातपाय थंड असतील तर वेग कमी भरतो. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीतील सकाळी हात न शेकता चाचणी केल्यास निरोगी माणूसही आजारी ठरू शकतो. नस दुखावल्यावर ईएमजीतील ठळक बदल दिसण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. त्यापूर्वीचा निर्दोष अहवाल दिशाभूल करू शकतो.

प्रशिक्षणाची वाट

ब्रिटनमध्ये ही स्वतंत्र वैद्यकीय शाखा आहे. भारतात ती मुख्यतः मज्जाविकारशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकविली जाते. एमबीबीएसनंतर मेडिसिन किंवा बालरोग या विषयात ३ वर्षांचे एमडी आणि त्यानंतर नीट-एसएस या प्रवेश परीक्षेद्वारे ३ वर्षांचे डीएम न्यूरॉलॉजी, असा हा मार्ग आहे. पुढे काही मोठ्या संस्थांमध्ये अपस्मार व ईईजी या विषयांची फेलोशिपही उपलब्ध असते.

हे शिक्षण ग्रंथ वाचून पूर्ण होत नाही. वरिष्ठांच्या शेजारी बसून शेकडो आलेख वाचावे लागतात, सुई कोठे व किती खोल घालावी हे हाताला शिकवावे लागते. तंत्रज्ञाचे कौशल्य तेवढेच मोलाचे आहे. इलेक्ट्रोड नीट बसले नाहीत, तर निष्णात डॉक्टरही अचूक अहवाल देऊ शकत नाही. विविध आजारांचे असंख्य रुग्ण येणारे शिक्षण रुग्णालय म्हणूनच या विद्येची खरी शाळा ठरते.

रुग्णांनी घ्यावयाची काळजी

* ईईजीच्या आदल्या दिवशी केस धुवावेत व तेल लावू नये. उपाशीपोटी जाऊ नये.
* जागरणानंतरची ईईजी सांगितली असल्यास सूचनेप्रमाणे झोप कमी घ्यावी.
* फिटची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.
* पेसमेकर असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास चाचणीपूर्वी सांगावे.
* एनसीव्हीसाठी जाताना हातापायांना तेल किंवा मलम लावू नये.
* झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या नातेवाइकाला सोबत न्यावे. शक्य असल्यास झटक्याचे मोबाइलवरील चित्रीकरण डॉक्टरांना दाखवावे.
* जुने अहवाल जपून ठेवावेत.

या चाचण्या रुग्णाच्या तपासणीला पूरक आहेत, पर्याय नव्हेत. आजाराची हकिकत ऐकून, रुग्णाला तपासून आणि मग आलेख पाहून केलेले निदानच विश्वासार्ह असते. केवळ कागदावरील अहवालावरून आजाराचा निष्कर्ष काढणे रुग्णाने आणि डॉक्टरांनीही टाळावे.